बरणीतल्या माशांची साक्ष

गुरुप्रसादने काचेची बरणी टेबलावर ठेवली आणि ग्रामसभेकडे असं पाहिलं, जणू निकाल आधीच त्याच्या खिशात आहे.

बरणीत गावच्या वहाळाचं, ओढ्याचं, पाणी होतं आणि चार चपळ मासे. ते आनंदीकाकींनीच वरच्या अंगाहून, जिथे आंब्याची कलमं नाहीत तिथून, पकडून आणले होते. तक्रारही त्यांचीच होती. कलमांवर फवारणी झाली, की खालचे मासे पोट वर करून तरंगतात.

आज ठराव झाला तर वहाळाकाठी फवारणी बंद. म्हणजे गुरुप्रसादचं पाली गावातलं फवारणीच्या औषधांचं दुकानही जवळपास बंद.

"काकी, नीट बघा हां. मागाहून जादू म्हणाल."

"तू दाखव रे. माजे डोळे अजून शाबूत हायत."

त्याने पिशवीतून बाटली काढली आणि तिच्यावरचं कीटकनाशकाचं लेबल सगळ्यांना दाखवलं. "माझ्या घरामागच्या कलमांना हेच मारतो. तुडतुड्याची कीड औषधालाही शिल्लक नाही, आणि आम्ही घरातली सगळी शिल्लक आहोत!"

सभा हसली. सरपंच काशीरामांनी मान डोलावली. ते ठरावाच्या दोन्ही बाजूंना मान डोलावत.

मग गुरुप्रसादने बाटली सरळ तोंडाला लावली आणि दोन घोट घेतले. बायका किंचाळल्या. त्याने शांतपणे मिशा पुसल्या.

"थंडगार आहे."

टाळ्या पडल्या. ठराव तिथेच बारगळत होता.

"आता त्यांनाबी पाज," आनंदीकाकी म्हणाल्या.

"पाजतो की, पोटभर!" उरलेली बाटली बरणीत रिकामी करून तो पायावर पाय टाकून बसला.

चहा आला. कप रिकामे होईतो पहिला मासा वर येऊन तोंडाची उघडमीट करू लागला. दुसरा कलंडला. मग चारही पांढरी पोटं वर आली.

"अरे, गाडी काढा!" काशीराम ओरडले. "ह्याला दवाखान्यात न्या! दोन घोट प्यायलाय मेला!"

चौघांनी त्याला उचललंच.

"सोडा हो, मला काही होत नाही," गुरुप्रसाद हसत म्हणाला. मग त्याने बरणीकडे पाहिलं, धडपडत खाली उतरला आणि बायकोला फोन लावला.

"राही, पोरांना पाणी देऊ नको... हंडा ओतून टाक आधी... नाय गो, बाटली कोरीच होती, लेबल तेवढं चिकटवलेलं. सकाळी मीच भरली, आपल्या विहिरीवर."