कुंभार्लीची उतरण

दिलावर मिस्त्रीने तिसऱ्यांदा गिअरबॉक्स उघडून जोडला, तरी दोष सापडेना. दाते शाबूत, ऑइल स्वच्छ. पण स्टँडवर चालू ठेवलेली ती बाईक, वर कुणी बसलेलं नसताना, आपोआप गिअर बदलत होती. दुसरा, तिसरा, दुसरा, तिसरा, चौथा; मग कर्रकन थेट पहिल्यात, आणि पुन्हा सुरुवातीपासून.

हल्लीच्या गाड्यांना गिअरचा पेडल नसायचा. मालकाच्या घोट्यातली चिप गाडीला इशारा द्यायची, गाडीचा इशारा पायाला कळवायची. ही गाडी विकताना जुन्या मालकाच्या, रेवाळ्यांच्या, चिपशी असलेली जोडणी तोडायची राहिलेली दिसत होती. दिलावरने त्यांच्या घरी फोन लावला.

"वहिनी, रेवाळे गाडी चालवतायत का कुणाची?"

"काय बोलता दिलावरभाई? कुंभार्ली घाटात पडल्यापासून हे शुद्धीवर कुठेयत? नुसता डाव्या पायाचा अंगठा हलतो." त्यांनी पलंगाकडे पाहिलं. "आत्तासुद्धा हलतोय बघा."

दिलावरने गिअरचा तो क्रम पुन्हा ऐकला. कुंभार्लीची उतरण त्याला पाठ होती. रेवाळे अजून तीच उतरत होते, आणि दर वेळी त्याच वळणावर पडत होते.

चिपचा इशारा घेणारी वायर तोडायला घेतलेली पक्कड त्याने खाली ठेवली. पुढच्या खेपेला, चौथा पडायच्या आत, त्याने ब्रेक दाबला आणि गिअरबॉक्समधला दांडा हाताने ढकलून दुसरा टाकला. चाक मंदावत मंदावत थांबलं. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला.

"भाई," फोनवर वहिनी म्हणाल्या, "यांनी डोळे उघडले. विचारतायत, गाडी कुठे लावू?"