ड्रोनला लावलेलं कुंकू

नदीवरचा साकव, गावाचा छोटा पायपूल, तुटला आणि गणपत घाडींची बायको शेवंती त्यावर होती, हे कळलं त्या दिवशी तालुक्याचा ड्रोन कुणी न बोलावताच आला. खाडीच्या तोंडाशी त्यानेच तिला शोधलं, म्हणून गणपतना तिला अग्नी देता आला.

पुढे तोच ड्रोन रोज सकाळी नवा साकव खालून तपासू लागला. तो "चला" म्हणाला की माणसं नदी ओलांडायची.

दसऱ्याला घरोघरी अवजारांची पूजा झाली. गणपतनी उपकार स्मरून ड्रोनलाही कुंकू लावलं, ते नेमकं कॅमेऱ्यावर.

"दिसत नाही. साकव बंद," ड्रोन म्हणाला.

"भावोजी, आंधळा केलात की त्याला!" शेजारची सुगंधा हसली. "आता तो काय सांगणार? साकव नवाच आहे. मी निघाले."

गणपत वाट अडवून उभे राहिले. "थांबा वहिनी. त्याला बघू दे." त्यांनी सदऱ्याच्या टोकाने कुंकू पुसलं.

ड्रोन साकवाखाली गेला आणि बराच वेळ तिथेच घुटमळला.

"मधल्या खांबाखालची माती वाहून गेली आहे. मागे व्हा."

सुगंधाने डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि हात जोडले. गणपतनीही जोडले.

त्या खांबाचा पाया अजून नव्याने बांधायचा आहे.