कड्यावरच्या पक्ष्याचं कुल

“मग चोचीचं काय करायचं?” आत्यानं भर सभेत विचारलं.

भाची सादरीकरणाच्या पडद्याशेजारी उभी होती. घरी ती आत्याला ‘अगं-तुगं’ करायची, पण इथे ते चालणार नव्हतं. इथे आत्या म्हणजे पक्ष्यांच्या वर्गीकरणातला शेवटचा शब्द, आणि तिच्यासमोर उभी राहून भाची सांगत होती की तो शब्द चुकला आहे.

प्रश्न एका मुठीएवढ्या पक्ष्याचा होता. करड्या रंगाचा, उंच कड्यांवर राहणारा, सरळसोट दगडावर तुरुतुरु चढणारा. वाकडी बारीक चोच, आकड्यासारख्या नख्या. झाडाच्या बुंध्यावर चढणाऱ्या पक्ष्यांचीही ठेवण अगदी अशीच. आत्यानं तरुणपणी त्याची हाडन् हाड मोजून त्याला त्यांच्याच कुलात बसवलं होतं. तेव्हापासून जगभरची पुस्तकं तेच छापत आली होती. भाचीनं मात्र त्याच्या रक्तातली जनुकं वाचली होती, आणि जनुकं म्हणत होती की याचा त्या कुलाशी काडीचाही संबंध नाही.

“चोच कामानं घडते, मॅडम,” भाची म्हणाली. “फटीतले किडे टिपायचे तर चोच बारीक आणि वाकडीच लागणार. उभं चढायचं तर नख्याही तशाच. काम सारखं म्हणून अवजारं सारखी. नातं नाही.”

“रक्त एकाच पक्ष्याचं तपासलंत?”

“नाही. लांबलांबच्या दऱ्यांमधल्या पक्ष्यांचं.”

“नमुन्यांत भेसळ झाली असेल.”

“म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेकडूनही तपासून घेतलं. उत्तर तेच आलं.”

आत्याचा चेहरा दगडासारखा होता. भाचीला तो ओळखीचा वाटेना. हीच आत्या तिला लहानपणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवून पक्ष्यांची नाती समजावून सांगायची. गण म्हणजे गाव, कुल म्हणजे त्या गावातलं एक घराणं. घुबडांचं गाव वेगळं, बदकांचं आणि हंसांचं मिळून वेगळं. कावळा आणि चिमणी मात्र एकाच गावचे, असं कळल्यावर भाचीनं हातातली पोळी खाली ठेवली होती. “काहीतरीच! त्यांची तोंडं तरी जुळतात का?” “तोंडावर जाऊ नकोस,” आत्या म्हणाली होती. “पायाची बोटं बघ, गळ्यातलं आवाजाचं यंत्र बघ. जगातले निम्म्याहून जास्त पक्षी या एकाच गावात राहतात.” तेव्हा भाचीला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या आभाळाची वंशावळ आपल्या आत्याच्या डोक्यात आहे.

“मग त्याला ठेवायचं कुणाकडे?” आत्यानं शेवटचं विचारलं. “जवळचं कोण?”

“कुणीच नाही,” भाची म्हणाली. “जवळचे सगळे केव्हाच नाहीसे झाले असावेत. हा एकटा उरलाय. गाव तेच, पण घराणं वेगळं. एकाच पक्ष्याचं स्वतंत्र कुल करावं, असं माझं म्हणणं आहे.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ते आत्याचे जुने सहकारी. “काम चोख आहे, वाद नाही,” ते म्हणाले. “पण घाई कशाला? आपण सगळे बाईंच्याच पुस्तकावर शिकलो. बाईंच्या हयातीत तरी...” पुढचं त्यांनी गिळलं. बऱ्याच माना हलल्या. भाचीचं काम खोटं ठरून नव्हे, तर आत्याच्या मानापायी बाजूला ठेवलं जाणार होतं.

“पक्षी माझा मान ठेवायला कड्यावर चढत नाही,” आत्या म्हणाली. “मतं घ्या.”

आणि सगळ्यांत आधी तिचाच हात वर गेला. मग एकेक करत बाकीचे वर आले. टाळ्या वाजल्या. अध्यक्ष अभिनंदन करायला पुढे आले, तोवर आत्याची खुर्ची रिकामी झाली होती. जाताना तिनं भाचीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

भाचीनं हातातले कागद तसेच टाकले आणि ती बाहेर धावली. जिन्यात आत्या नव्हती. वाचनालयात नव्हती. पक्ष्यांचे नमुने ठेवलेल्या लांबलचक खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. डांबरगोळ्यांचा वास, दोन्ही बाजूंना कपाटं, आणि टोकाच्या खिडकीपाशी पाठमोरी आत्या. एका हातानं तिनं फोन कानाला लावला होता, दुसऱ्या हातातला रुमाल डोळ्यांना. तिचे खांदे हलत होते.

भाची दारातच थबकली. आपण काय करून बसलो, असं तिला झालं. जिनं हाताला धरून शिकवलं तिचीच आयुष्यभराची कमाई आपण चारचौघांत पुसून टाकली. पुढे जावं की मागच्या मागे फिरावं, तिला कळेना.

फोनवर भाचीचे बाबा होते.

“रडत नाहीये रे, दादा, ऐक तर!” आत्या म्हणत होती. “भर सभेत खोडून काढलं मला. आडवेतिडवे प्रश्न विचारले, एकाही प्रश्नाला डगमगली नाही पोरगी. तो पक्षी तिथे बसवला तेव्हाच मला खटकत होता, पण तेव्हा तपासायला साधन कुठे होतं? एवढी वर्षं मी वाट बघत होते, कुणी तरी येईल आणि हे नीट करेल म्हणून. आणि ती बया रोज माझ्याच ताटाशेजारी जेवायला बसत होती!”