ड्यूटी संपल्यानंतर

माझी लेक पोहण्याच्या तलावात गटांगळ्या खात होती, तेव्हा तिथला जीवरक्षक काठावर बसून बुटाची लेस बांधत होता. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि त्याची ड्यूटी सहाला संपली होती, म्हणून कोर्टाने त्याला सोडलं. बाहेर आल्यावर उलट मलाच म्हणाला, "कायद्याने माझा काही दोष नाही, ताई."

मी चर्चमध्ये जाऊन ओक्साबोक्शी रडले. फादर म्हणाले, "कोर्ट फक्त गुन्हा बघतं. वाचवता येत असून वाचवलं नाही, ते देवाच्या दारी पापच." त्यांचे हे शब्द मी नऊ वर्षं उराशी धरून जगले.

काल दुपारी दोनला हॉस्पिटलमधली माझी नर्सची ड्यूटी संपली. कपडे बदलून मागच्या दाराने निघाले, तर बाकावर तोच जीवरक्षक. पावाचा घास घशात अडकलेला, चेहरा काळानिळा. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. असे घास मी कितीतरी जणांच्या घशातून काढलेत. त्याने मला ओळखलं आणि हात जोडले. मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. त्याच्या शेजारीच टेकले, आणि तो खाली कोसळून निपचित पडला तेव्हाच उठले.

आज सकाळी पापांची कबुली द्यायला गेले. जाळीपलीकडे तेच फादर.

"फादर, माझ्या हातून पाप घडलंय."

"काय केलंस, मुली?"



"बुटाची लेस बांधली."