गारगोटीशी भांडण

घड्याळजींनी पेन खाली ठेवलं आणि सही न करताच कागद डॉक्टरबाईंकडे परत सरकवला.

नाडी मिनिटाला अडतीसवर आली होती, बोलतानाही धाप लागत होती. काल दुकानात कामाच्या टेबलावरच ते कोसळले होते. छातीत पेसमेकर आजच बसवायला हवा, असं बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी निमूट मान डोलावली होती. पण जित्याची खोड. नमुन्याचं यंत्र हातात घेऊन त्यांनी विचारलं, याचा ठोका कशावर चालतो. बाईंनी बिचाऱ्यांनी खरं ते सांगितलं. सेलच्या विजेवर गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एवढासा स्फटिक थरथरतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. सेलच्या घड्याळात असतो तोच.

झालं! तीस वर्षांपूर्वी याच गारगोटीने त्यांच्या पोटावर पाय दिला होता. सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरणारी, ना तेल मागणारी ना किल्ली. लोकांनी जुनी घड्याळं कपाटात टाकली. तेव्हापासून दुकानात सेलच्या घड्याळाला बंदी होती. कुणी चुकून आणलंच, तर दुरुस्तीऐवजी व्याख्यान ऐकून जायचा.

"जिनं माझा धंदा खाल्ला, तिच्या जिवावर जगू?" ते म्हणाले.

खाटेजवळ उभी असलेली त्यांची मुलगी आधी रडली, मग रागावली. आई गेल्यावर घरात दोघंच होती आणि दुकानातही ती त्यांच्याच शेजारी बसून घड्याळं उघडायची. शेवटी तिने विचारलं, दुरुस्त केलेलं घड्याळ बरोबर चालतंय हे बाबा ठरवतात कशावरून?

हा काय प्रश्न झाला? टेबलावरच्या तपासणीच्या यंत्रावरून. त्यावर घड्याळ ठेवलं की ते टिकटिक ऐकतं आणि दिवसाला किती सेकंद पुढे की मागे ते सांगतं. त्याचा शब्द शेवटचा.

"आणि त्या यंत्राला कोण सांगतं?"

वेळ कुणी पाहिलेली नाही, ती दुसऱ्या कशाशी तरी ताडूनच कळते, एकट्या घड्याळाला स्वतःची चूक कधीच समजत नाही, हे गिऱ्हाइकांना घड्याळजीच तर ऐकवायचे. यंत्र कुणाशी ताडतं, हे विचारायचं मात्र त्यांना कधी सुचलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"मागच्या वर्षी मी ते उघडलं होतं, बाबा. आत गारगोटीच आहे. तुम्ही फेकून द्याल म्हणून बोलले नाही."

म्हणजे इतकी वर्षं लावलेलं एकेक घड्याळ, गावभर झालेलं नाव, लोक ज्याला हातगुण म्हणायचे तो, सगळं त्या गारगोटीलाच विचारून. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग कागद त्यांनी स्वतःच मागून घेतला आणि सही केली.

दुपारी ते खाटेवर टेकून बसले होते. धाप थांबली होती. मुलीने मनगट धरून नाडी मोजली. मिनिटाला साठ, एक कमी नाही की जास्त नाही. तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या आणि काका, कसं वाटतंय म्हणाल्या. घड्याळजींचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडलेले पाहून बाई संकोचल्या. आभार कसले मानता, हे तर आमचं कामच, असं काहीसं पुटपुटल्या.

"तुमचे उपकार आहेतच, बाई," त्यांनी छातीवरच्या पट्टीला हलकेच हात लावला. "पण आधी हिचे. तीस वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्या, आणि आली मात्र वेळेवर."