टोपीचा वारा

देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून सखाराम गुरव मागे सरला. उजवी पडली तर केरूने बोलायचे, डावी पडली तर तोंड मिटायचे.

लंडनच्या कोर्टाने साक्ष घ्यायला पाठवलेला साहेब बूट काढून मोज्यांवर उभा होता. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्याच्यासाठी रत्नागिरीच्या डाकबंगल्यात टेबल, पंखा, शपथेचा कागद, सगळे मांडून ठेवलेले. साक्षीदार केरू तिथे गेला, पंख्याखाली जरा बसला आणि म्हणाला, देवीचा कौल घेतल्याशिवाय आपण घरचा बैलसुद्धा विकत नाही. मग साहेब आणि त्याचे बोलणे मराठीत सांगणारे अण्णा वकील जीपमध्ये बसून केरूच्या गावी आले.

गोदा खांबाला टेकून उभी होती. तिचा बाप रावजी बोटीवर सुकाणू धरायचा. परमुलखात धुक्यात ती बोट दुसरीवर आदळली, रावजी बुडाला, आणि कंपनीने कोर्टात लिहून दिले की सुकाणूवरचा माणूस झोपला होता. त्या वेळी त्याच्या शेजारी होता तो एकटा केरू. पण केरूला पावसाळ्यानंतर त्याच कंपनीच्या बोटीवर चढायचे होते. गोदा समोरून येताना दिसली की तो वाट बदलायचा.

"आई, सांगू की नको?" केरूने हात जोडून विचारले.

"काय सांगू की नको?" गुरव म्हणाला. "देवी काय तुझ्या बोटीवर होती? गाऱ्हाणं पुरतं घाल."

केरूने पुरते घातले. रावजी जागा होता. समोर दिवा दिसला तशी त्याने पाळीवरच्या ऑफिसरला हाक मारली. ऑफिसर खुर्चीत घोरत होता. परत हाक मारली, तरी घोरतच होता. मग रावजी वळून केरूला काय बोलला, तेही केरूने देवीला सांगितले. गोदाने पदर तोंडाला लावला. ती हसते की रडते, ते अण्णांना कळेना. त्यांना बघायला सवडही नव्हती. ते हलक्या आवाजात सगळे इंग्रजीत सांगत होते आणि साहेब खांबाला कागद लावून लिहीत होता.

"हे लंडनात सांगू की नको, तेवढं बोल," केरूने शेवट केला.

अण्णांनी साहेबाला सांगितले की काम झाले. साहेबाने पेनाला टोपण लावले. तेव्हा कुठे केरूच्या ध्यानात आले. तो म्हणाला, आपण अजून बोललोच नाही, देवीशी बोललो. डावा कौल पडला तर तो कागद फाडायचा. साहेब कोर्टातलाच माणूस. निकाल लागायचा आहे हे त्याला पटले आणि तोही पाकळ्यांकडे बघत उभा राहिला.

देवीला घाई नव्हती. साहेबाच्या मानेवरून घाम ओघळू लागला. पुढे वाकून बघता बघता तो आपल्या गवती टोपीने वारा घेऊ लागला, आणि उजवी पाकळी सुटली.

"उजवा," गुरव म्हणाला. केरूने श्वास सोडला. अण्णांनी केरूच्या अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली.

"टोपीचा वारा लागला," गोदा म्हणाली.

अण्णा तिच्याजवळ गेले. कौल तिच्या बाजूने पडला आहे, बापाच्या नावावरचा डाग निघाला आहे, आता गप्प बैस, असे त्यांनी तिला हळूच समजावले.

"म्हणूनच," गोदा म्हणाली. "टोपीने पाडलेला कौल बाबाच्या नावाला नको."

गुरवाने जरा विचार केला आणि वाऱ्याने पडलेला कौल धरत नाहीत असे सांगितले. अण्णांनी ते इंग्रजीत सांगताच साहेब कानापर्यंत लाल झाला आणि टोपी बुडाखाली घालून खाली बसला.

नव्या पाकळ्या लागल्या. आता शेवटचे तेवढे विचार, म्हणजे आटपेल, असे गुरव म्हणाला.

"तेवढ्याने कसं भागेल?" गोदा म्हणाली. "गाऱ्हाणं पुरतं घालायचं असतं. पहिल्यापासून घाल, केरूकाका."

केरूने तिच्याकडे पाहिले आणि परत हात जोडले. धुके आले, दिवा आला, घोरणारा ऑफिसर आला. या वेळी अण्णा काही सांगत नव्हते, साहेब लिहीत नव्हता. सगळ्यांचे डोळे पाकळ्यांवर होते. गोदाचे मिटलेले होते.

"मग रावजी माझ्याकडं वळला," केरू देवीला सांगत होता, "आणि बोलला, ह्यो काय उठायचा न्हाय, केरू. तू खाली जा, आपल्या माणसांना उठव. मी हाय हितं जागा."