सकाळचा ताप

थर्मामीटर पुन्हा एकशे दोनवर गेला होता. विमलाबाई सिस्टरनी तो अंबूच्या तोंडातून काढून उजेडाकडे धरून दोनदा पाहिला, झटकला आणि तक्त्यावर आकडा लिहिला.

"आजही घरी नाही," त्या म्हणाल्या.

अंबूने डोळे मिटले. दीड महिना ती जळीत वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवर होती. मान, छाती आणि उजवा हात भाजला होता. मांडीची कातडी काढून हातावर लावली, ती चांगली धरली. जखमा सुकल्या. कण्हत का होईना, हात खांद्यापर्यंत जायला लागला. फक्त सकाळचा ताप हटत नव्हता, आणि ताप असताना डॉक्टर कुणाला सोडत नसत.

खाटेशेजारी जमिनीवर तिची सासू गोजराबाई बसून असे. झोपायची पण तिथेच. एकदा सिस्टरनी तिला दूध तापवायला वॉर्डाच्या स्वयंपाकखोलीत धाडलं, तर ती स्टोव्हसमोर नुसती उभी राहिली.

लंकाबाई आया हसली. "म्हातारे, केस पांढरे झाले अन् स्टोव्हला पंप मारता येईना?"

"मला नाय जमत."

"घाबरली असेल ती," सिस्टर म्हणाल्या. "हिच्याच घरात स्टोव्हचा भडका उडाला ना."

चहा मात्र ती रोज सकाळी सातच्या आत बाहेरच्या टपरीवरून आणी. पितळी तांब्यात, पदराखाली झाकून, वाफाळता.

अंबूचा नवरा बहिरू दुपारी चारला दिंडोरीच्या एसटीने येई. द्राक्षबागेत फवारणीच्या कामावर होता. रुमालात द्राक्षांचा घड बांधून आणायचा. "कधी सोडता हिला?" असं सिस्टरना विचारताना त्याचे डोळे भरून येत. बावीस वर्षांत सिस्टरनी भाजलेल्या बायका टाकून गेलेले नवरे खूप पाहिले होते. हा एक दिवस चुकला नव्हता.

पण गोजराबाई त्याला खाटेजवळ एकटा बसू देत नसे. त्याची द्राक्षं ती लंकाबाईला देऊन टाकी. एकदा व्हरांड्यातलं बोलणं सिस्टरच्या कानावर पडलं.

"सोड तिला, बहिऱ्या. दुसरी कर."

"मला हीच पाहिजे," बहिरू म्हणाला.

त्या रात्री सिस्टरना ते शब्द सारखे आठवत राहिले. दुसऱ्या दिवशी त्या फेरीच्या वेळेआधीच वॉर्डात आल्या. अंबू तोंडात चहा धरून बसली होती, गिळत नव्हती. गोजराबाईचे कान दाराकडे होते.

सिस्टरनी काही न बोलता थर्मामीटर अंबूच्या डाव्या काखेत ठेवला. ताप नव्हता.

"किती दिवस चाललंय हे?"

अंबूने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पोरी, तू का ऐकतेस हिचं?"

"आत्याबाई म्हणतील तसं," अंबू पुटपुटली.

गोजराबाईने सिस्टरचे पाय धरले. "आठ दिस राहू द्या. हिच्या भावाला पेठला सांगावा धाडलाय. तो आला का त्याच्यासंगं धाडा."

"म्हणजे ही कायमची माहेरी, आणि मुलाला नवी बायको! रूप गेलं म्हणून?"

गोजराबाईने पाय सोडले. मग म्हणाली, "पोटचा हाय तो माझा."

"आणि ही कुणाची? दगडाची? अशा सासवा मी पुष्कळ पाहिल्यात."

सिस्टरनी तक्त्यावर खरा आकडा लिहिला. डॉक्टरांनी फेरीत तो पाहिला आणि सही केली.

चार वाजता बहिरू आला. ऐकल्याबरोबर त्याने सिस्टरना वाकून नमस्कार केला. बाजारात जाऊन हिरवं लुगडं घेऊन आला. अंबूला ते लंकाबाईने नेसवलं. हात रोज कसा वर करायचा, तेल कुठे चोळायचं, सिस्टरनी सगळं नीट समजावलं.

"मी करून घेईन तिच्याकडनं," बहिरू म्हणाला. त्याने अंबूचा चांगला हात धरला.

दारात अंबू थांबली. मागे वळून तिने सासूकडे पाहिलं. बहिरूने हात ओढला, तशी ती चालू लागली.

साडेपाचला सिस्टर खाट आवरायला आल्या, तर गोजराबाई तिथेच भिंतीला टेकून बसली होती.

"तू नाही गेलीस?"

"नको म्हणला. तू राह्य इथंच म्हणला."

"बरं केलं त्याने." सिस्टरनी चादर ओढून काढली. घडी घालता घालता त्या थबकल्या. "एक सांगायचं राहूनच गेलं. स्टोव्हजवळ जाऊ नको म्हणावं तिला. पुन्हा तसं झालं तर वाचायची नाही."

गोजराबाईने रिकामा तांब्या जवळ ओढला.

"आमच्या घरात स्टोव्ह नाय, सिस्टर. कधीच नव्हता."